सतरा किलोमीटर, वीस मिनिटं

आमच्या शाळेतला मल्लिनाथ शिपाई आहे, पण फक्त कागदावर. शिपायानं मुख्याध्यापकांच्या दाराशी स्टुलावर बसावं, घंटा द्यावी, चहा आणावा, अशी आपली साधी समजूत. हा बाबा त्या स्टुलावर बसलेला मी तरी पाहिला नाही. स्टुलावर त्याची पिशवी बसते आणि तो स्वतः व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत असतो. खिशात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच. पाण्याची टाकी किती वेळात भरते, दूध उतू जायला किती सेकंद लागतात, मुख्याध्यापिका बाई एका सहीला किती वेळ घेतात, सगळं त्याला ठाऊक. घंटा सेकंदाला पक्की. मी फळ्यावर समीकरणाच्या शेवटच्या ओळीला आले की नेमकी वाजणार. त्यावरून आमची भांडणं झाली आहेत. चूक माझीच असायची, तास लांबवायची खोड मला आहे, पण म्हणून मी कधी कबूल केलं नाही.

मी प्रभा. चोवीस वर्षं गणित शिकवते आहे आणि मुलं माझ्या मागं मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. चुकीचं मोजमाप मला सहन होत नाही. भाजीवाल्यानं अंदाजे 'अर्धा किलो असंल' म्हटलं तरी माझ्या कपाळाची शीर उडते. हे आधीच सांगते, कारण पुढं जे घडलं त्यात या खोडीचा वाटा मोठा आहे.

मल्लिनाथ शुक्रवार पेठेत माझ्या घरामागच्या बोळात राहतो, बायको रेश्मा आणि तो. वय चाळिसाच्या आसपास, अंगानं काटकुळा. गाव अक्कलकोट रस्त्यावर, इथून एकवीस किलोमीटर. त्याच्या दारात पत्र्याखाली एक जुनी स्कूटर चार वर्षं प्लास्टिक पांघरून पडलेली होती. साठ सीसीची, विनागियरची, बायका-मुलींनी चालवावी अशी बारकी गाडी. बोळातली मांजरं तिच्या सीटवर बाळंत व्हायची. गेल्या दिवाळीनंतर एके दिवशी त्यानं प्लास्टिक ओढून काढलं, नवा प्लग घातला, ताजं पेट्रोल ओतलं, आणि तिसऱ्या दिवशी गाडी धूर सोडत बोळातून बाहेर पडली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी हा अक्कलकोट रस्त्याला. बोळातले लोक त्याला विचारायला लागले, काय मल्लिनाथ, विमान कधी उडवतोस. तो हसायचाही नाही.

एकदा मधल्या सुट्टीत तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मॅडम, गाडी पासष्ट पळती."

कोण म्हणतं, मी विचारलं. काटा म्हणतो, तो म्हणाला.

मग काय, मला विषयच मिळाला. काटा म्हणजे काही देव नव्हे. गाडी बनवणारे काटा थोडा पुढंच पळेल असा ठेवतात, शिवाय याच्या गाडीची केबल जुनी, चाक झिजलेलं, म्हणजे काटा आपल्या मनाचा राजा. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, हे सातवीतलं पोरगंही सांगेल. अंतर रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून घ्यायचं, वेळ स्टॉपवॉचवर, तेही गाडी आधीच पूर्ण वेगात असताना. आणि एकदा जाताना, एकदा येताना, कारण आपल्याकडं पश्चिमेचा वारा असतो. अक्कलकोटकडं जाताना तो पाठीला आणि सोलापूरकडं येताना छातीला. त्याचे सगळे पासष्ट अक्कलकोटकडं तोंड करून झालेले होते. चार शिक्षकांसमोर मी त्याचा असा उभा पंचनामा केला. त्यानं सगळं ऐकलं आणि घंटा द्यायला निघून गेला. मला वाटलं, रागावला. रविवारी सकाळी सहाला माझ्या दाराची कडी वाजली. बाहेर हा, हातात स्टॉपवॉच.

गेले मी. माझी स्कूटर घेऊन त्याच्या मागं मागं, आणि एका मोरीच्या कठड्यावर वही घेऊन बसले. ऊस भरलेले ट्रॅक्टर जात होते, त्यांचे ड्रायव्हर एवढ्या सकाळी ही बाई इथं काय करते म्हणून वळून बघत होते. मल्लिनाथ लांबून वेग धरून यायचा, एका दगडाशी घड्याळ दाबायचा, दुसऱ्याशी पुन्हा. जाताना अडुसष्ट सेकंद, येताना शहात्तर. त्यानं लगेच दोन वेग काढून बेरीज करून निम्मे केले. मी म्हटलं, वेगाची नाही, वेळेची बेरीज कर. दोन किलोमीटर, एकशे चव्वेचाळीस सेकंद, ताशी पन्नास. त्याचं उत्तरही जवळपास तेच आलं होतं, पण म्हणून चुकीची रीत बरोबर ठरत नाही. आमच्या हृषीकेश सरांनी मोबाईलमध्ये वेग मोजायचं काहीतरी घालून दिलं होतं, तेही पन्नासच दाखवत होतं. ते दगडाशी जुळलं तेव्हा कुठं मल्लिनाथचा मोबाईलवर विश्वास बसला.

पासष्टाचे पन्नास झाले तरी तो खट्टू झाला नाही, याचं मला नवल वाटलं. कठड्यापाशी उभा राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत त्यानं विचारलं, मागं माणूस असला तर किती? मी म्हटलं, कमी. किती कमी ते मोजल्याशिवाय कसं सांगणार, माणसाचं वजन किती?

"बावन्न किलो."

पन्नास नाही, पंचावन्न नाही, बावन्न. मी विचारलं, कुणाचं. तेव्हा त्यानं सांगितलं.

चार वर्षांपूर्वी आषाढात, रजा घेऊन तो गावाकडं गेलेला असताना, सकाळी त्याच्या वडलांच्या छातीत कळ आली. शिवयोगीअप्पा, वय बहात्तर, दोन एकर कोरडवाहू. रुग्णवाहिकेला पाऊण तास लागेल असं कळलं. गावातल्या दोन्ही जीप पंढरीच्या वारीला गेलेल्या. अप्पा उठून बसत होते, बोलत होते, म्हणून यानं त्यांना याच गाडीवर मागं बसवलं आणि निघाला. निघताना रेश्माला फोन केला, तो फोन नऊ दहाचा. दवाखान्याच्या कागदावर आल्याची वेळ नऊ पन्नास. तिथल्या डॉक्टरनं तासाभरानं बाहेर येऊन सांगितलं की दहा मिनिटं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. एवढं बोलून तो पुढच्या पेशंटकडं गेला.

मला त्या डॉक्टरचा असा संताप आला. आठ नाही, पंधरा नाही, दहा. कशावरून? कुठलं मोजमाप केलं होतं यानं? बोलून मोकळा झाला, आणि इकडं या माणसाच्या मनात तो आकडा खिळा ठोकल्यासारखा बसला. एकवीस किलोमीटरपैकी शेवटचे चार शहरातले, गर्दीचे, तिथं कोणीही गेलं तरी दहा मिनिटं लागणारच. राहिले हमरस्त्याचे सतरा. त्यांना त्या दिवशी तीस मिनिटं लागली. दहा वाचायला हवी असतील तर सतरा किलोमीटर वीस मिनिटांत, म्हणजे ताशी एक्कावन्न. हा हिशेब मी केला नाही. मी मनात भागाकार करते आहे तोवर तोच म्हणाला, एक्कावन्न. चार वर्षं तो आकडा त्याच्याजवळ होता.

"आता अव्वा एकटी हाय गावात," तो आईबद्दल म्हणाला. "हिकडं ये म्हटलं तर येत न्हाई. तिच्या बी छातीत कवाकवा दुखतंय. परत तसली येळ आली तर?"

मी म्हटलं, मग नवी गाडी घे, सव्वाशे सीसीची, हप्त्यानं मिळते. त्यानं मान हलवली. नवी गाडी कुणाची पण पळते, या गाडीवर जमतंय का ते बघायचं आहे, म्हणाला. इथंच मला समजायला हवं होतं की हा पुढच्या वेळेचं मोजत नाही, मागच्या वेळेचं मोजतो आहे. समजलं नाही. मला एक्कावन्न दिसायला लागले होते.

पुढच्या रविवारी त्यानं ज्वारीचं पोतं आणलं. किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून बरोबर बावन्न किलो. ते सीटवर मागं उभं केलं आणि रेश्माच्या जुन्या साडीनं आपल्या कमरेला बांधलं. जाऊन-येऊन एकशे सदुसष्ट सेकंद. ताशी त्रेचाळीस. गाडी त्या दिवशी होती तशीच होती, प्लग आणि पेट्रोल तेवढं नवं. म्हणजे त्या आषाढातल्या सकाळीही, मागं अप्पांना घेऊन, ती त्रेचाळीसच्या वर गेली नसती. मी हे वहीत लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. त्यानं माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि पोतं सोडायला लागला.

तिथून सुरू झालं ते थेट उन्हाळ्यापर्यंत. त्रेचाळीसचे एक्कावन्न करायचे. वेड लागलं होतं आम्हाला, आणि मी आम्हाला म्हणते आहे ते विचार करून म्हणते आहे. सायलेन्सर काढून जाळून आतला कार्बन झाडला, तेव्हा पंचेचाळीस झाले. बेल्ट नवा घातला, शेहेचाळीस. मागचं चाक हवेत उचलून हातानं फिरवलं तर ते दोन फेऱ्यांत थांबत होतं, ब्रेक आतल्या आत घासत होता. तो मोकळा केला, सत्तेचाळीस. मग त्या गाडीच्या पोटात बारके रोलर असतात, गाडी वेगात आली की ते बाहेर सरकून बेल्टला वर ढकलतात. ते हलके घातले तर गाडी जागेवरून झटकन उठायची पण वरचा वेग घसरायचा. जड घातले तर निघताना म्हशीसारखी अडायची, पण एकदा निघाली की पळायची. तीन रविवार त्या रोलरांनी खाल्ले. शेवटी अठ्ठेचाळीस आणि एकोणपन्नास यांच्यामध्ये कुठंतरी आकडा अडकला, आणि मल्लिनाथचं खाणंपिणं सुटलं.

फाल्गुनात त्यानं एअर फिल्टरच काढून टाकला. गाडीला हवा जास्त मिळेल असा त्याचा तर्क. वेग एकानं वाढला आणि तिसऱ्या फेरीला भर रस्त्यात इंजिन जाम झालं. पोत्यासकट कडेला ढकलत आणली. गॅरेजवाला उदयसिंह हा त्याचा जुना ओळखीचा, त्यानं पिस्टन काढून दाखवला, उभे ओरखडे पडलेले. तो म्हणाला, "मल्ल्या, साठ सीसीचं इंजिन हाय रं. किती पिळतूस त्याला?" मल्लिनाथनं एवढंच विचारलं की कधी मिळेल. गाडी गॅरेजात होती ते बारा दिवस शाळेत त्याच्याकडं बघवत नव्हतं. व्हरांड्यात त्याच्या चपलांचा आवाज थांबायचा नाही. नववीतली मुलं त्याच्या फेऱ्या मोजायला लागली, मी दोघांना वर्गाबाहेर काढलं.

त्याच दिवसांत रेश्मा माझ्याकडं आली. शांत बाई, विड्या वळता वळता शिकून आता बालवाडीत मदतनीस झालेली. तिनं मला चहा करू दिला नाही. म्हणाली, हे झोपेत पायानं किक मारतात. जेवताना घास तोंडात ठेवून सेकंद मोजतात. सासऱ्यांचं नाव मात्र काढत नाहीत, मी काढलं तर उठून जातात. मॅडम, तुमचं ऐकतात, तुम्ही नको म्हणा. मी हो म्हटलं. आणि रविवारी जेव्हा गाडी दुरुस्त होऊन दारात आली तेव्हा मी वही घेऊन निघाले. गणित सुटल्याशिवाय मला चैन पडत नाही, मग ते कुणाचं का असेना. रेश्मासमोर जायची मला आजही लाज वाटते.

पिस्टन नवा, सिलिंडर घासून घेतलेला. दोन आठवडे उदयसिंहनं गाडी हळू चालवायला लावली, त्या दोन आठवड्यांत मल्लिनाथ निम्मा झाला. मग कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट एक नंबर मोठा घातला, टायरात हवा भरली, आरसे काढले. वैशाखातला तिसरा रविवार, सकाळी साडेसहा. जाताना सदुसष्ट सेकंद. येताना मी लांबूनच बघत होते, पोतं पाठीला, मान खाली, गाडीचा आवाज एका सुरात. त्यानं घड्याळ दाबलं, पुढं जाऊन वळला, आणि माझ्यासमोर आणून नुसतं धरलं. चौऱ्याहत्तर.

एकशे एक्केचाळीस. मी वहीत भागाकार केला, परत केला. एक्कावन्न आणि वर सहा शतांश. मी कठड्यावरून उठून टाळी वाजवली, या वयात, हमरस्त्यावर. मल्लिनाथ घड्याळाकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. मला वाटलं, दमला असेल. म्हणाला, गाव इथनं सहा किलोमीटर हाय, अव्वाकडं चला, भाकरी खाऊन जावा.

काशम्मांना, त्याच्या आईला, मी पहिल्यांदाच बघत होते. उंच, वाळलेली बाई, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं निम्मं कानडी निम्मं मराठी. घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. तिनं कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही असं वाढलं आणि स्वतः चुलीजवळ बसली. लेकाचं रविवारचं हे खूळ तिला ठाऊक होतं, गावातून जाणारे-येणारे सांगत असणार. तिनं मलाच विचारलं, झालं का बाई तुमचं मोजून.

झालं, मी म्हटलं, एक्कावन्न.

मल्लिनाथ ताटाकडं बघत म्हणाला, "म्हंजे जमलं असतं."

तेव्हा मला उमगलं की माणूस काय करून बसला आहे. सहा महिने राबून त्यानं स्वतःच्याच विरुद्ध पुरावा गोळा केला होता. मला त्याची दया आली, आणि दया आली की मी शिकवायला लागते. मी वही उघडली. अरे, नीट बघ. एक्कावन्न आज झाले, नवा पिस्टन, नवा बेल्ट, मोठा जेट. त्या दिवशी गाडी होती त्रेचाळीसची. ही माझी रेघ. सतरा किलोमीटरला त्रेचाळीसनं चोवीस मिनिटं लागतात. तू जीव तोडून पळवली असतीस तरी सहाच मिनिटं वाचली असती. दहा वाचणं त्या गाडीला शक्यच नव्हतं, डॉक्टर काही म्हणो. त्याच्यासमोर मी त्या सहाभोवती गोल करून दाखवला. इथं थांबले असते तर किती बरं झालं असतं. पण वही समोर असली की माझी जीभ पेन्सिलीच्या मागं धावते. मी म्हटलं, पण मग चोवीसच्या जागी तीस का लागली? ही सहा मिनिटं गेली कुठं? वाटेत थांबला होतास का कुठं?

"मॅडम, ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

काशम्मांनी हातातला कालथा खाली ठेवला. "त्यो न्हाई थांबला," ती म्हणाली. "मी थांबवलं."

मग ती बोलली, माझ्याकडं बघत, लेकाकडं नाही. अप्पा खाटेवर घामानं भिजलेले. मल्लिनाथनं गाडी दाराशी आणून चालू करून ठेवलेली. अप्पा उठले तेव्हा डोकं उघडं होतं. आमच्याकडं म्हातारा माणूस उघड्या डोक्यानं गावाबाहेर पडतो तो फक्त मयताला, ती म्हणाली. असा कसा जाऊ देऊ? तिनं पेटीतला धुतलेला पटका काढून दिला. अप्पांचे हात थरथरत होते. दुसऱ्या कुणाला त्यांनी कधी पटका बांधू दिला नव्हता, त्या दिवशीही दिला नाही. दोनदा सुटला, दोनदा बांधला. लेक बाहेर गाडी बंद करून उभा राहिला.

"घड्याळ भितीवर हुतं," काशम्मा म्हणाली. "धा मिंटं लागली. मी बगत हुते की. पोरगं चार वरसं गाडीला बोल लावतंय, म्या म्हटलं लावू दे, मला तर लावत न्हाई. तुमचं गणित बराबर हाय बाई. गाडीची चूक न्हाई, माजी हाय."

गणित बरोबर नव्हतं. रेश्माला केलेला फोन गाडी सुरू करताना केलेला होता, नऊ दहाचा, म्हणजे पटका बांधून झाल्यावरचा. माझी सहा मिनिटं त्याच्या पुढची, रस्त्यावरची. तिची दहा वेगळी होती. ती मी मोजलीच नव्हती, कारण ती कुणी मला सांगितलीच नव्हती. जन्मात पहिल्यांदा समोर चुकलेलं गणित दिसत असून मी गप्प बसले. या बाईला आणखी काय सांगायचं होतं?

मल्लिनाथ ताटावरून उठला. दारापर्यंत गेला, परत आला. मग भिंतीला टेकून उभा राहिला.

"तुजी धा वायली, अव्वा," तो म्हणाला. "ती मी कवाच धरली न्हाईत. मला बी वाटलं हुतं, बांधू दे. गाडी सुरू झाल्यावरची सहा माजी हायत."

कसली सहा, काशम्मांनी विचारलं.

"फाट्याला लागल्यावर मी फुल दिली हुती. पाच-सहा किलोमीटर गेलो आसंल. अप्पानं मागनं माज्या खांद्यावर थाप मारली. मला वाटलं, दुकाय लागलं. मान वळवून इचारलं, काय झालं. तर म्हणला, मल्ल्या, हळू घे, पटका सुटाय लागलाय वाऱ्यानं." त्यानं हात डोक्याला नेला. "एक हात पटक्यावर आन एक हात माज्या कमरंला. आन मी हळू घेतली, अव्वा. तीसवर आणली. दवाखान्यापतुर तीसवरच आणली. फुल द्याची सोडून मी हळू घेतली."

चुलीवर दूध होतं, ते वर यायला लागलं, काशम्मांनी न बघता हातानं लाकूड मागं ओढलं. मग त्याला म्हणाली, साकु, बिडो. पुरे, सोड. तो काही सोडणार नव्हता. तो म्हणाला, सांग की मला, कुणाचं चुकलं. कुणाचं तरी चुकलं की न्हाई?

काशम्मा उठली. गुडघ्यावर हात देत त्याच्यापर्यंत गेली आणि त्याच्या गालाला हात लावला. मला वाटलं होतं ती त्याला समजावेल, नशीब म्हणेल, देवाची इच्छा म्हणेल, जे सगळे म्हणतात ते. तिच्या चेहऱ्यावर मात्र हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"जल्मभर त्याचं येक ऐकलं न्हाईस," ती म्हणाली. "शेत कर म्हटला, केलं न्हाईस. गाव सोडू नगो म्हटला, सोडलंस. आन त्याच दिवशी ऐकलंस व्हय रं?"

मल्लिनाथला रडू फुटलं. मी वही पिशवीत घातली आणि बाहेर येऊन ओट्यावर बसले. आत मायलेकरं कानडीत बोलत होती. मला त्यातलं चार शब्दांपलीकडं कळत नव्हतं. कान देऊन ऐकलं असतं तर आणखी थोडं कळलं असतं, पण मी दिला नाही.